जांभळ्या शाईची खूण

शहापुरातून सापगावच्या दिशेला निघालं की वस्ती संपता संपता डोळ्यांचं एक धर्मादाय इस्पितळ लागतं. तिथल्या ऑपरेशन थिएटरात मी काम करते. आम्ही त्याला ओटी म्हणतो. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, वाफेच्या मशीनमध्ये घालून शुद्ध करायची आणि डॉक्टरांना लागतील तशी ट्रेमध्ये मांडून ठेवायची, हे माझं काम. त्यातला एक लहान ट्रे फक्त खुणा करायच्या हत्यारांचा असतो. ही हत्यारं कापत नाहीत, टोचत नाहीत. डोळ्यावर कुठे छेद घ्यायचा, टाके कुठे घालायचे, आतली लेन्स कोणत्या अंगाने बसवायची, ते डॉक्टर आधी या हत्यारांनी आखून घेतात. टोकाला जांभळी शाई लावायची आणि डोळ्यावर हलकेच टेकवायचं, एवढंच. थोड्या वेळाने शाई पाण्याबरोबर निघून जाते.

बाकीच्या ट्रेपेक्षा या ट्रेवर माझा जीव जरा जास्त आहे. ते का, हे सांगायचं तर मला वैशाखऱ्याच्या खळ्यापासून सुरुवात करायला हवी.

माझं माहेर शेणव्याचं आणि सासर वैशाखऱ्याचं. लग्न होऊन गेले तेव्हा घरात सासू नव्हती. सगळा कारभार माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे होता. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. हाडापेराने भक्कम, बोलायला कमी. लहानपणापासून डोक्यावरून लाकडाच्या मोळ्या, गवताचे भारे आणि पाण्याचे हंडे वाहून त्यांची मान डाव्या खांद्याकडे थोडी कललेली होती. बोलताना त्या तशाच बघायच्या, त्यामुळे नव्या माणसाला वाटायचं की या आपलं बोलणं काळजीपूर्वक ऐकताहेत. खरं तर त्या ऐकतही असायच्या. माझं जेवण झालं की नाही, हे त्या घरात दुसऱ्या कुणी मला कधी विचारलं नाही. त्या रोज विचारायच्या.

माझी मुलगी रांगायला लागली होती त्या वर्षीची गोष्ट. भात कापून खळ्यावर आलं होतं आणि आमची झोडणी चालली होती. पेंडी दोन्ही हातांनी उचलून फळीवर आपटायची, दाणे खाली पडतात. आपटता आपटता एक कुसळ उडालं आणि माझ्या उजव्या डोळ्यात गेलं. मी डोळा चोळला, पाण्याने धुतला आणि परत कामाला लागले. संध्याकाळी डोळा लाल झाला. सकाळी उठले तर उजेड सहन होईना, आणि जाऊबाईंनी पापणी वर करून बघितलं तेव्हा बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता.

शेजारची एक म्हातारी कुठल्याशा पाल्याचा रस घेऊन आली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, गावात सगळ्यांच्या डोळ्यांना तीच औषध देत असे. जाऊबाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिला आत येऊ दिलं नाही. म्हणाल्या, "डोल्यात काय घालायचं ते डाक्तर घालंल." म्हातारी रागावून गेली आणि पुढे कितीतरी दिवस आमच्याशी बोलली नाही.

जाऊबाईंनी मला एसटीने मुरबाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळा बघितला आणि सरळ सांगितलं की हे माझ्या हातातलं नाही, शहापूरला डोळ्यांच्या इस्पितळात जा आणि आजच जा. मी म्हटलं, आधी घरी जाऊ, सांगून येऊ, मग उद्या निघू. जाऊबाईंच्या कडेवर माझी मुलगी होती. त्या स्टँडकडे चालायलाच लागल्या होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "घर काय पलून जातंय? चल तू." अंगावरच्या कपड्यांनिशी आम्ही त्या दिवशी शहापूरला पोचलो.

मी आज जिथे काम करते तेच हे इस्पितळ. तेव्हा ते लहान होतं. डोळे तपासणाऱ्या मॅडम वयाने कोवळ्या होत्या, नुकत्याच तिथे रुजू झालेल्या. त्यांनी मशीनमधून डोळा बघितला आणि सांगितलं की जखमेत बुरशी शिरली आहे, भातवाल्यांना सुगीत हे होतं, एक दिवस उशीर झाला असता तर डोळा वाचवणं कठीण होतं. मला तिथेच ठेवून घेतलं. तासातासाला औषधाचे थेंब घालायचे होते. नवऱ्याची मुरबाडला कंपनीत पाळी असायची, तो यायचा तेव्हा बसून जायचा. थेंब घालायचं काम जाऊबाईंनी अंगावर घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं. बाटल्या त्या झाकणांच्या रंगावरून ओळखायच्या आणि भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा वर गेला की उठायच्या. एका हाताने माझी पापणी धरायच्या, दुसऱ्या हाताने थेंब सोडायच्या आणि मांडीवरची मुलगी उठू नये म्हणून कमरेपासून खाली जराही हलायच्या नाहीत. गावाकडे त्यांची झोडणी अर्धी राहिली होती. त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हा मला वाटायचं, यांना कशाचीच भीती वाटत नाही.

डोळा वाचला, पण जखम भरली तिथे बुबुळावर पांढरा डाग राहिला. आमच्याकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. त्या डोळ्याने मला तेलकट कागदातून बघितल्यासारखं दिसायचं, उजेड कळायचा, माणूस कळायचं नाही. एका डोळ्यावर संसार होतो, होत नाही असं नाही. पण चहा ओतताना कपाच्या बाहेर सांडायचा, विळीवर बोट जायचं आणि उजव्या बाजूने कुणी आलं की मी दचकायचे. मुलगी बोलायला लागली तेव्हा माझ्या डोळ्यावर बोट ठेवून "आईला इथं चांदोबा" असं सगळ्यांना दाखवायची. तिची तिला गंमत वाटायची. मीही हसायचे.

एकदा तपासणीला गेले तेव्हा मॅडमनी सांगितलं की यावर उपाय आहे. डाग पडलेलं बुबुळ गोल कापून काढायचं आणि तिथे दुसऱ्या माणसाचं बसवायचं. गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी डोळे दिले तरच ते मिळतं, म्हणून नाव नोंदवून वाट बघावी लागेल. मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, "ते सांगता येत नाही. कुणाच्या तरी घरात दुःख होईल आणि त्या दुःखातही त्यांना दुसऱ्याची आठवण येईल, तेव्हा."

परत येताना बसमध्ये माझ्या मनात तेच घोळत राहिलं. देवाला काय सांगायचं? मला डोळा मिळू दे म्हणायचं तर कुणीतरी जाऊ दे असंच म्हणण्यासारखं होतं. घरी आल्यावर मी हे जाऊबाईंना बोलले. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. लाकूड आत सारून म्हणाल्या, "तू मागू नको गो. आपून होऊन आला तर घे." त्यानंतर मला मोकळं वाटलं आणि मी वाट बघणं मनावरून काढून टाकलं.

निरोप आला तेव्हा लावणी चालली होती. आमच्याकडे फोन नव्हता, रस्त्यावरच्या दुकानात होता. दुकानदार स्वतः बांधावरून ओरडत आला की शहापूरहून फोन आहे, डोळा आलाय, आज निघायला सांगितलंय. जाऊबाईंनी हातातली रोपं तिथेच चिखलात ठेवली. गुडघ्यापर्यंतचे पाय हापशावर धुतले, लुगडं बदललं, मुलीला कडेवर घेतलं आणि जिपगाडी थांबवली. सरळगावपर्यंत जीप आणि तिथून किन्हवलीवरून शहापूरची बस. बस शेणव्याला थांबली तेव्हा माझ्या माहेरची दोन माणसं थांब्यावर उभी दिसली. त्यांना हाक मारावी असं मनात आलं, मी खिडकीकडे सरकलेही. बस सुटली. जाऊबाईंनी माझा हात धरला होता, तो त्यांनी उतरेपर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन केलं, त्यामुळे मी जागी होते. तोंडावर हिरवं कापड, दुसरा डोळा झाकलेला. दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. मुंबईहून मोठे डॉक्टर आले होते आणि आमच्या मॅडम त्यांच्या मदतीला होत्या. डॉक्टर म्हणाले, "मार्कर." मग थोडं थांबून म्हणाले, "शाई कमी करा." शाईचा इथे काय संबंध, ते कळेना. कुणीतरी डोळ्यावर काहीतरी टेकवलं आणि उचललं, पाखरू बसून उडावं इतकंच. तेवढ्यात मॅडम माझ्या कानाजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "आता फक्त खूण केली. दुखलं नाही ना?" मी नाही म्हटलं. माझ्या पायांशी उभ्या असलेल्या कुणीतरी चादरीवरून माझं पाऊल धरलं आणि सगळं संपेपर्यंत धरून ठेवलं. ते कोण होतं, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

पट्टी सुटली तेव्हा एकदम लख्ख दिसलं, असं काही झालं नाही. आधी रंग आले. खिडकीचा हिरवा पडदा, मग जाऊबाईंच्या लुगड्याची लाल किनार. मग हळूहळू आकार, मग तोंडं. टाके एकेक करून काढतात आणि त्याला वर्षाच्या वर लागतं, म्हणून माझ्या फेऱ्या चालू राहिल्या. इस्पितळात नंबर लागेपर्यंत बसून राहावं लागायचं. ओटीच्या मोठ्या सिस्टर तिथून जायच्या-यायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या की नुसतं बसून काय करतेस, ये, गॉजच्या घड्या घाल. मी घातल्या. पुढच्या वेळी गेले तेव्हा आपणहून त्यांच्याकडे गेले. बोलता बोलता त्यांनीच सांगितलं की ऑपरेशनच्या वेळी तुझं पाऊल मी धरलं होतं, तुझे पाय फार थरथरत होते.

शेवटचा टाका निघाला त्या दिवशी त्यांनी विचारलं की इथे काम करशील का. मी दहावी झाले होते, पण घराबाहेर नोकरी करायचा विचारही कधी केला नव्हता. वैशाखऱ्याहून रोज येणं-जाणं जमणार नव्हतं. घरी विषय काढला तर थोरल्या दिरांनी, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याने, शेतीचं काय विचारलं, नवरा म्हणाला बघू. जाऊबाई म्हणाल्या, "शेती काय आमी बघतो. तिला जाऊंदे. तिचा डोला तिथं झालाय." नवऱ्याने शहापूरजवळ गोदामात काम बघितलं आणि आम्ही सापगावला खोली घेतली. दोन बायकांची शेती जाऊबाई एकट्या ओढू लागल्या. त्याचं त्यांनी मला कधी ओझं दाखवलं नाही.

मोठ्या सिस्टरांनी मला पहिल्यापासून शिकवलं. हत्यार कसं धरायचं, कुठली टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत, कुठल्या टोकांना रबरी टोपी घालायची. एका दिवशी त्यांनी एक हत्यार माझ्या तळहातावर ठेवलं. पेनासारखा दांडा आणि टोकाला लहानशी गोल चकती. चकतीवर मधून कडेकडे जाणारी बारीक पाती होती, बैलगाडीच्या चाकाला आरे असतात तशी. त्यांना धार नव्हती. सिस्टर म्हणाल्या, नवीन बुबुळ बसवताना याच्यावर शाई लावून डोळ्यावर ठसा उमटवतात आणि त्या रेघांवर टाके घालतात. टाके सारख्या अंतरावर आले की बुबुळ सगळीकडून सारखं ताणलं जातं, कमीजास्त झालं तर दिसणं वाकडंतिकडं होतं. शाई जास्त झाली तर रेघ जाड उमटते, आणि जाड रेघेच्या कुठल्या कडेला टाका घालायचा ते कळत नाही.

तेव्हा मला तो आवाज आठवला, शाई कमी करा म्हणणारा. मी ते हत्यार बराच वेळ हातात धरून उभी होते. सिस्टरांनी घाई केली नाही. माझ्या डोळ्यात जे बसवलं ते कुणाचं होतं हे मला माहीत नाही. बाई होती की पुरुष, म्हातारं माणूस की तरुण, कुठल्या गावचं, काही नाही. ते सांगत नाहीत आणि मी विचारलंही नाही. पण त्या माणसाचं देणं वाया जाऊ नये म्हणून डोळ्यावर आधी आखून घेतलं होतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. ते हत्यार धुताना माझा हात आजही हळू होतो. पात्यांच्या मध्ये शाई सुकली की दगडासारखी घट्ट बसते. मऊ ब्रशने, कोमट पाण्यात, घासून नव्हे तर झटकून काढावी लागते.

अशी बरीच वर्षं गेली. मोठ्या सिस्टर निवृत्त होऊन गावी गेल्या. मॅडमचे केस पिकले. माझी मुलगी शिकून कामाला लागली. जाऊबाई अधूनमधून सापगावला येऊन राहायच्या. मागच्या वर्षी आल्या तेव्हा तांदूळ निवडायला बसल्या आणि निवडलेल्या तांदळाचा भात खाताना सगळ्यांच्या दाताखाली खडे आले. त्या स्वतः काही बोलल्या नाहीत. मुलीने त्यांना सुईत दोरा ओवायला दिला, तर त्यांनी सुई बाजूला ठेवून दुसरंच काहीतरी काढलं. मग पुतण्याकडून, म्हणजे त्यांच्या मुलाकडून, कळलं की महिन्याभरात त्या बांधावरून दोनदा घसरल्या होत्या. मी त्यांना इस्पितळात घेऊन गेले. त्या नको म्हणाल्या, वय झालं की असंच दिसतं म्हणाल्या. मी ऐकलं नाही. ही जबरदस्ती मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

मॅडमनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजवा जास्त पिकलेला. शिवाय त्यांच्या बुबुळाचा घुमट सगळीकडून सारखा गोल नव्हता, एका अंगाने जास्त वळलेला होता. अशा डोळ्यात साधी लेन्स घातली तर उजेड येतो पण कडा पसरट दिसतात. त्यासाठी वेगळी लेन्स असते आणि ती डोळ्यात ठरावीक कोनातच बसवावी लागते. जरा फिरली की तिचा उपयोग कमी होतो. मॅडम म्हणाल्या की जाऊबाईंना हीच लेन्स घालायची, कारण त्या चष्मा लावणार नाहीत हे मला आत्ताच दिसतंय. पुतण्याही लगेच तयार झाला.

या ऑपरेशनला खूण आधी, बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर करावी लागते. माणूस आडवं झालं की डोळा खोबणीत थोडासा फिरतो, आपल्याला कळतही नाही. म्हणून बसल्या बसल्या बुबुळाच्या दोन्ही कडांना आडव्या खुणा करून ठेवायच्या आणि आडवं झाल्यावर त्यावरून कोन मोजायचा. आमच्याकडे त्यासाठी लंबक असलेला मार्कर आहे. गवंड्याच्या ओळंब्यासारखं वजन खाली लोंबतं आणि त्यामुळे शाईची टोकं नेहमी जमिनीला समांतर राहतात. धरणाऱ्याचा हात थोडा तिरपा झाला तरी चालतं.

पण ज्याचा डोळा आहे त्याची मान तिरपी असली तर चालत नाही. जाऊबाई स्टुलावर बसल्या, समोरच्या भिंतीकडे बघा म्हटल्यावर बघायला लागल्या आणि मॅडम मार्कर हातात घेऊन थांबल्या. म्हणाल्या, "आजी, मान सरळ करा." जाऊबाई म्हणाल्या की सरळच आहे. मॅडमनी मला त्यांच्या मागे उभं केलं आणि सांगितलं की मशीनवर डोळा मोजला तेव्हा हनुवटी टेकवून डोकं सरळ होतं, आता तसंच धर. मी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं आणि हळूच उजवीकडे आणलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. केस विरळ झाले होते आणि टाळूवर, हंडा ठेवायच्या जागी, हाताला सपाट लागत होतं.

जाऊबाई म्हणाल्या, "आता मी वाकडी बसलीय गो."

"नाय, आता सरल हायेस," मी म्हटलं. मीही त्यांच्याशी गावचंच बोलते.

त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्सं कोन बोललं नाय ते?"

मॅडम हसल्या आणि त्यांना हसू आवरेपर्यंत मार्कर खाली धरून थांबल्या. मग कापसाने बुबुळाची कड कोरडी केली आणि खूण केली. दोन्ही बाजूंना दोन बारीक जांभळ्या रेघा. मॅडम हात धुवायला गेल्या. आम्ही दोघी तिथेच बसलो.

जाऊबाईंनी विचारलं की तुलाही अशीच शाई लावली होती का. मी सांगितलं की लावली होती, पण वेगळ्या हत्याराने, चाकासारखी. समोरच्या भिंतीकडे बघतच त्या बोलायला लागल्या. तुला आत नेलं तेव्हा मी बाहेर बाकड्यावर बसले होते, म्हणाल्या. पोर मांडीवर होती, ती सारखी आई कुठं म्हणून विचारत होती. मी तिला सांगत होते की येते, आत्ता येते.

"तवा मला लय भ्या वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "वाटलं, मीच तुला हितं आनली. काय झालं तर या पोरीला काय सांगू. मी कोनाला बोलले नाय. तुज्या नवऱ्याला पन नाय."

आणि त्या रडायला लागल्या. जाऊबाईंना मी त्याआधी रडताना बघितलं नव्हतं. दीर आजारी होते तेव्हाही नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ज्या बाईला कशाची भीती वाटत नाही असं मी आयुष्यभर धरून चालले होते, ती माझ्यासाठी त्या बाकड्यावर एकटी बसून घाबरली होती आणि मी बाहेर आले तेव्हा मला फक्त चहा घेशील का म्हणून विचारलं होतं.

मॅडम परत आल्या तोवर उजव्या डोळ्यावरची शाई अश्रूंबरोबर गालावर उतरली होती. जांभळा ओघळ पार हनुवटीपर्यंत. मी माफी मागू लागले. मॅडमनी खुर्ची ओढली, बसल्या आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "आजी, आधी रडून घ्या. मग शाई लावू." बाहेर बाकीचे पेशंट थांबले होते, तरी त्या बसून राहिल्या. जाऊबाईंचं रडणं आपोआप थांबलं. पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या की झालं, लावा. मी परत त्यांचं डोकं धरलं. या वेळी मान सरळ करताना त्यांनी स्वतःहून साथ दिली. डोळा कोरडा करायला वेळ लागला, पण रेघा पहिल्यापेक्षा बारीक उमटल्या.

आत टेबलावर त्यांना झोपवलं. मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून बघत अंश कोरलेली एक कडी त्या दोन रेघांवर जुळवली आणि लेन्सच्या कोनाची तिसरी खूण केली. ट्रेमधून ते हत्यार त्यांच्या हातात जाईपर्यंत माझं लक्ष सगळं त्यात होतं. शाई मीच लावली होती आणि टिपकागदावर टेकवून जास्तीची काढली होती. पुढचं काम मॅडम आणि नव्या सिस्टरांचं. मी जाऊबाईंच्या पायांशी गेले आणि चादरीवरून त्यांचं पाऊल धरलं. चादरीखालून आवाज आला, "पाय सोड गो. गुदगुल्या होतात." मॅडम म्हणाल्या, आजी हलू नका. मी हात काढला आणि नुसती उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. जाऊबाईंनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला. भिंत बघितली, पंखा बघितला, स्वतःच्या बांगड्या बघितल्या. मग मला जवळ बोलावलं, माझी हनुवटी धरली आणि माझ्या उजव्या डोळ्यात बघायला लागल्या. इतका वेळ बघत राहिल्या की मीच जरा लाजले.

"तुज्या बुबुलात बारीक गोल रेघ हाय," त्या म्हणाल्या. "ही कदी आली?"

मी म्हटलं, पहिल्यापासून आहे, नवीन बुबुळ जुन्याला जोडलंय तो सांधा आहे तो. म्हणजे इतक्या वर्षांत त्यांनी तो बघितलाच नव्हता. माझ्या डोळ्यात टाके होते त्या दिवसांतही त्यांना जवळचं नीट दिसत नसावं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं की ज्याचा डोळा आहे त्याच्या घरच्यांना माहीत आहे का. मी सांगितलं की त्यांना कळवत नाहीत, आपल्यालाही कळवत नाहीत. जाऊबाईंना ते पटलं नाही. माझी हनुवटी न सोडता म्हणाल्या, "त्यांना कलाया पायजे होतं. बरं चाललंय म्हनून."

थोड्या दिवसांनी दुसरा डोळाही झाला. सापगावला त्या एकूण दीड महिना राहिल्या आणि मग त्यांना करमेना. मॅडमनी चिखलापासून आणि धुळीपासून अजून लांब राहायला सांगितलं होतं. वैशाखऱ्याला गेल्यावर त्यांनी ते पाळलं, आपल्या पद्धतीने. शेतात उतरल्या नाहीत, पण बांधावर बसून राहू लागल्या. पुतण्या फोनवर तक्रार करतो की आईला आता फार लांबचं दिसतं, भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजताना कुठे पाला कमी पडला ते ती बांधावरून सांगते. मी त्याला म्हणते, ऐक तिचं.

परवा त्यांनी एसटीच्या कंडक्टरकडे तांदळाची पिशवी देऊन पाठवली. मी रात्री भात टाकायच्या आधी तांदूळ ताटात पसरले. मुलगी म्हणाली, निवडायची गरज नाही, काकूने निवडलेत. तरी मी ताट घेऊन दिव्याखाली बसले. एकही खडा निघाला नाही.